नव्व्याण्णव टक्क्यांत आमची वस्ती कुठे?

१

१७ सप्टेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ झुकोटी पार्क नावाच्या एका लहानशा चौकात काही शे माणसे जमली आणि तिथेच मुक्काम ठोकून राहिली. 'आम्ही नव्व्याण्णव टक्के' ही त्यांची घोषणा. एक टक्का लोकांच्या हाती देशाची संपत्ती गोळा झाली आहे आणि सरकार त्यांचेच आहे, असा त्या घोषणेचा अर्थ. १५ नोव्हेंबरच्या मध्यरात्री पोलिसांनी तो मुक्काम उठवला. पण तोवर ही घोषणा जगभर गेली होती. ती आमच्याकडेही आली. विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही काही मुलांनी ती कागदावर लिहून भिंतीला चिकटवली होती. मी तेव्हा एम.ए.ला होतो.

आज मी एका तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. गेल्या दीड दशकात या चळवळीवर, २००८ च्या अमेरिकन आर्थिक कोसळणीवर आणि सरकारने बँकांना दिलेल्या बेलआउटवर जे लिहिले गेले, त्यातले जमेल तेवढे मी वाचत आलो आहे. मी साहित्याचा समीक्षक नाही. पण हे सारे वाचताना एक प्रश्न मला सतत छळत राहिला. वसतिगृहाच्या भिंतीवर ती घोषणा चिकटवताना मी स्वतःला त्या नव्व्याण्णव टक्क्यांत धरले होते. ते बरोबर होते काय? गाव जेव्हा 'आपण सारे गावकरी' म्हणते, तेव्हा त्या 'आपण'मध्ये गावकुसाबाहेरची वस्ती असते काय?

हा प्रश्न परक्या देशाविषयीचा आहे, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकन निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल काय, हा त्यांचा विचार होता. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेतून परतले ते काळ्यांच्या साहित्याची जाण घेऊन. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा अमेरिकेत संपत्तीच्या विषमतेविरुद्ध आंदोलन होते आणि त्यात काळा माणूस कुठे उभा आहे, हे तपासणे आपले काम आहे.

२

आधी घटना थोडक्यात मांडतो.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. दुसऱ्याच दिवशी एआयजी या अवाढव्य विमा कंपनीला वाचवण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८,५०० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पुढे या एका कंपनीसाठी बांधलेली एकूण सरकारी मदत १८,२०० कोटी डॉलरच्या घरात गेली. ३ ऑक्टोबरला अध्यक्ष बुश यांनी ७०,००० कोटी डॉलरच्या तरतुदीच्या कायद्यावर सही केली. त्याच महिन्यात नऊ मोठ्या बँकांना मिळून १२,५०० कोटी डॉलरचे भांडवल देण्याचे ठरले. मार्च २००९ मध्ये बातमी आली की एआयजीच्या ज्या विभागाने कंपनी बुडवली, त्याच विभागाच्या लोकांना १६.५ कोटी डॉलरचा बोनस वाटला गेला.

घरावर कर्ज काढलेल्या सामान्य माणसासाठीही एक योजना निघाली. २००९ साली तीस ते चाळीस लाख कुटुंबांची घरे वाचवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या बराच खाली राहिला. या साऱ्या खर्चावर देखरेख ठेवायला सरकारनेच नेमलेले अधिकारी नील बरोफ्स्की यांनी २०१२ साली 'बेलआउट' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात त्यांचा आरोप असा की, अर्थखात्याच्या दृष्टीने या योजनेचा उपयोग घरे वाचवण्यापेक्षा जप्त्या लांबवून बँकांना सावरायला अवधी देण्यासाठी अधिक होता.

बेलआउटचे समर्थक सांगतात की बँकांनी पैसे परत केले. खरे आहे. बँकांना दिलेली रक्कम सरकारला परत मिळाली, वर नफाही झाला. पण माझा आक्षेप त्या हिशेबावर नाही. बँकेला पैसा मिळाला, त्याबरोबर वेळही मिळाला. तिच्यावर विश्वास टाकला गेला. घर गमावलेल्या बाईला यातले काहीच मिळाले नाही. संकटात कोणाला वेळ द्यायचा आणि कोणाच्या दारात जप्ती न्यायची, हा निर्णय कोणत्या मूल्यव्यवस्थेतून होतो? साहित्याने आणि विचाराने उत्तर द्यायचे ते या प्रश्नाचे.

३

या कोसळणीवरच्या ज्या कलाकृती जगभर गाजल्या, त्यांपैकी तीन घेतो.

चार्ल्स फर्ग्युसन यांचा 'इनसाइड जॉब' हा माहितीपट २०१० चा. त्याला ऑस्करही मिळाले. त्याचे सामर्थ्य मोठे आहे. बँका, पतमानांकन करणाऱ्या कंपन्या, सरकारी नियंत्रक आणि विद्यापीठांतले प्राध्यापक यांची साखळी तो उलगडून दाखवतो. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच विद्यापीठातल्या व्यवसायशिक्षण शाखेचे प्रमुख ग्लेन हबर्ड कॅमेऱ्यासमोर आहेत. वित्त कंपन्यांकडून मिळणाऱ्या पैशाविषयी विचारताच ते संतापतात. अर्थशास्त्राच्या मास्तराने हा प्रसंग पुन्हापुन्हा पाहावा. ज्ञान विकले जाते तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते त्यात दिसते. पण या माहितीपटात घर गमावलेली माणसे किती वेळ आहेत? थोड्या वेळापुरती येतात, दुःख सांगतात आणि जातात. युक्तिवाद पुढे चालतो तो सुटाबुटातल्या माणसांच्या तोंडून.

मायकेल लुईस यांचे 'द बिग शॉर्ट' हे पुस्तकही २०१० चे. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट आला. घरकर्जांचा हा डोलारा पडणार हे आधीच ओळखून त्यावर पैज लावणाऱ्या मूठभर गुंतवणूकदारांची ही कथा. पुस्तक वाचनीय आहे, आणि तीच मला अडचण वाटते. वाचकाची सहानुभूती अलगद त्या हुशार पैजकऱ्यांकडे जाते. कर्ज घेणारा माणूस इथे येतो तो किस्सा म्हणून. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी तोडणारा एक मेक्सिकन मजूर आहे. त्याची वर्षाची कमाई १४,००० डॉलर आणि त्याला घरासाठी दिलेले कर्ज ७,२४,००० डॉलरचे. एका वाक्यात तो येतो आणि जातो. त्याला नाव नाही. तो त्या घरात किती दिवस राहिला? त्याच्या बायकोने त्या घरात चूल कुठे मांडली? जप्तीच्या दिवशी मुले कुठे होती? लेखकाला हे प्रश्न पडत नाहीत. मजूर हा व्यवस्थेच्या मूर्खपणाचा दाखला ठरतो. हसू येते आणि आपण पान उलटतो. आमच्या लोकांना मराठी ग्रामीण कथेने कित्येक वर्षे असेच वापरले. विनोदासाठी किंवा दयेसाठी.

तिसरे पुस्तक डेव्हिड ग्रेबर यांचे 'डेट'. २०११ साली निघालेल्या या पुस्तकाचा लेखक मानववंशशास्त्रज्ञ होता आणि वॉल स्ट्रीटच्या त्या आंदोलनाच्या पहिल्या जमवाजमवीत स्वतः होता. पाच हजार वर्षांच्या कर्जाचा इतिहास तो सांगतो. कर्ज फेडलेच पाहिजे, ही नीती कोणी निर्माण केली, असा मूलभूत प्रश्न विचारतो. वेदकाळातल्या ऋणकल्पनेपर्यंत तो जातो. विचारांना हादरा देणारे पुस्तक आहे. पण ते वाचताना मला सतत मनुस्मृतीचा आठवा अध्याय आठवत राहिला.

त्या अध्यायाच्या १४२ व्या श्लोकात व्याजाचे दर वर्णावर ठरवलेले आहेत. महिन्याला शेकडा दोन ब्राह्मणाकडून, तीन क्षत्रियाकडून, चार वैश्याकडून आणि पाच शूद्राकडून. पुढे १७७ व्या श्लोकात कर्ज न फिटल्यास काय करायचे ते सांगितले आहे. ऋणको समान किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने अंगमेहनत करून कर्ज फेडावे, वरच्या जातीचा असेल तर त्याने हळूहळू द्यावे. त्या एका 'हळूहळू'मध्ये बेलआउटचे सारे तत्त्वज्ञान आले आहे. वरच्याला सवलत आणि मुदत, खालच्याला वेठ. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली. आपण त्या ग्रंथाला स्पृश्यास्पृश्यतेचा ग्रंथ म्हणून ओळखतो. तो पतपुरवठ्याचाही ग्रंथ होता, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

आता अमेरिकेकडे पाहू. डिसेंबर २०११ मध्ये कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीवरच्या खटल्यात ३३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. आरोप असा की दोन लाखांहून अधिक काळ्या आणि हिस्पॅनिक ऋणकोंकडून, पत सारखीच असलेल्या गोऱ्यांपेक्षा जास्त आकार घेतले गेले किंवा त्यांना महागड्या कर्जात ढकलले गेले. जुलै २०१२ मध्ये वेल्स फार्गो या बँकेने तशाच आरोपावर १७.५ कोटी डॉलरची तडजोड केली. बाल्टिमोर शहराने त्या बँकेवर केलेल्या दाव्यात बँकेच्याच माजी कर्मचाऱ्यांनी शपथेवर सांगितले होते की, काळ्या वस्त्यांत खपवल्या जाणाऱ्या कर्जांना आतल्या बोलीत 'घेट्टो लोन' म्हणत. दोन्ही कंपन्यांनी आरोप मान्य केले नाहीत, पैसे मात्र भरले. कातडीच्या रंगावर व्याज ठरवणारी ही मनुस्मृती संगणकात लिहिलेली होती, एवढाच फरक.

४

मग झुकोटी पार्कात काय घडले?

चळवळीला न्याय देऊन बोलले पाहिजे. विषमता हा शब्द अमेरिकेच्या राजकारणात या मुलांनी पुन्हा उच्चारायला लावला. ध्वनिवर्धकाला परवानगी नव्हती, तेव्हा वक्त्याचे एकेक वाक्य साऱ्या जमावाने मोठ्याने म्हणून मागे पोचवायची रीत त्यांनी रुजवली. त्यांनी पुस्तकालय उभे केले. मुक्काम मोडल्यावर त्यांतले काही जप्तीची घरे वाचवायला वस्त्यांत गेले. काहींनी २०१२ च्या अखेरीपासून वर्गणी काढून लोकांची थकलेली दवाखान्याची कर्जे बाजारातून मातीमोलाने विकत घेतली आणि सरळ रद्द केली. वर्षभरात सुमारे ४ लाख डॉलरमध्ये दीड कोटी डॉलरच्या घरातले कर्ज त्यांनी पुसले. कर्जाची खरी किंमत काय असते हे त्यातून जगाला दिसले. हे काम लहान नाही.

पण सप्टेंबर २०११ च्या अखेरीस आंदोलनाचा जाहीरनामा तयार होत होता, तेव्हाचा एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. मसुद्यात अशा अर्थाचे शब्द होते की, आम्ही सारे एकच मानववंश आहोत, रंग, लिंग इत्यादींनी पूर्वी विभागलेले. 'पूर्वी'! सभेत दक्षिण आशियाई वंशाचे काही तरुण-तरुणी होते. त्यांनी उठून हरकत घेतली आणि मसुदा अडवला. ही विभागणी संपलेली नाही, आम्ही ती रोज भोगतो, असे त्यांचे म्हणणे. पुष्कळ वादावादीनंतर ते शब्द काढले गेले. त्या मुलांच्या जाती काय होत्या, हा माझा विषय नाही. पण 'आता जात कुठे राहिली?' हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला, न्यूयॉर्कमध्ये कोणीतरी त्याच वाक्याला उभे राहून अडवले याचे मोल कळते.

दुसरा प्रसंग अटलांटाचा, ७ ऑक्टोबर २०११ चा. तिथल्या आंदोलनाच्या सभेत काँग्रेस सदस्य जॉन लुईस आले. नागरी हक्कांच्या लढ्यात पोलिसांच्या लाठीने ज्यांचे डोके फुटले ते हे लुईस. त्यांना त्यावेळी बोलू द्यावे की नाही यावर सभेत एकमत झाले नाही आणि ते न बोलता परतले. कोणीही मोठा नाही, हे समतेचे तत्त्व त्यामागे होते. तत्त्व चांगले आहे. पण ज्याचा इतिहास पुसला गेला आहे, त्याच्यासाठी 'सर्वांना एकच नियम' हा कधीकधी पुसण्याचाच दुसरा प्रकार होतो.

आणि मुक्काम ठोकून लढण्याची ही रीतही नवी नव्हती. १९६८ च्या मे महिन्यात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर काही आठवड्यांतच, त्यांनी योजलेल्या गरिबांच्या मोहिमेतली माणसे वॉशिंग्टनमध्ये सरकारच्या दारात झोपड्या घालून राहिली. काळे, मूळचे इंडियन, मेक्सिकन, डोंगराळ भागातले गरीब गोरे. पावसाने चिखल झाला, तरी जवळजवळ सहा आठवडे ती वस्ती टिकली. २४ जूनला पोलिसांनी ती उठवली. त्या वस्तीचे नाव होते 'पुनरुत्थान नगर'. २०११ वरच्या गौरवपर लेखनात कैरोचा तहरीर चौक येतो, माद्रिद येते, हे नगर मात्र फारसे भेटत नाही. विद्रोहाचाही सातबारा असतो आणि त्यावर आमच्यासारख्यांचे नाव चढायला वेळ लागतो.

५

या पार्श्वभूमीवर मला दोन पुस्तके फार वेगळी वाटली. दोन्ही स्त्रियांची.

मेहर्सा बरादरन यांचे 'द कलर ऑफ मनी' २०१७ साली आले. काळ्यांनी चालवलेल्या बँकांचा हा इतिहास. त्याची सुरुवात २००८ पासून होत नाही, १८६५ पासून होते. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी त्या वर्षी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली. धुणीभांडी करणाऱ्या बाया, सैनिक, मजूर यांनी पै पै तिथे ठेवली. सरकारच आपल्या पाठीशी आहे, असे त्यांना भासवले गेले होते. कारभार गोऱ्या विश्वस्तांचा. १८७० नंतर नियम सैल करून ठेवीदारांचा पैसा जवळच्या लोकांच्या धंद्यात आणि जमिनींत गुंतवला गेला. १८७३ च्या मंदीत तो बुडू लागला, तेव्हा मार्च १८७४ मध्ये अध्यक्षपदी फ्रेडरिक डग्लस यांना बसवले. त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर घातले. २९ जून १८७४ रोजी बँक बंद झाली. सुमारे ६१,००० ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. सरकार धावून आले नाही. वर्षानुवर्षे अर्ज करूनही बहुतेकांना पूर्ण रक्कम मिळाली नाही.

याच्या शेजारी १० मार्च २०२३ ही तारीख ठेवून पाहा. त्या दिवशी सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. कायद्याने ठेवीला संरक्षण होते २,५०,००० डॉलरपर्यंतचे. बहुतांश ठेवी त्याच्या वरच्या होत्या. दोनच दिवसांत सरकारने जाहीर केले की सर्व ठेवी पूर्ण मिळतील. काळ बदलला, कायदे सुधारले, हे मी जाणतो. तरीही गुलामीतून सुटलेल्या धुणेवालीची ठेव आणि नवउद्योगपतीची ठेव यांतले हे अंतर केवळ दीडशे वर्षांचे नाही.

इतिहासात आणखी मागे गेले तर सर्वांत मोठे बेलआउट दिसते. १८३३ साली ब्रिटनने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द करताना २ कोटी पौंड भरपाई दिली. कोणाला? गुलामांच्या मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ साली फिटला. १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातले गुलाम मुक्त झाले, तेव्हाही मालकाला माणसामागे ३०० डॉलरपर्यंत मिळाले. गुलामांना जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मनच्या हुकमाने किनारपट्टीची जी जमीन देऊ केली होती, ती त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांकडे परत वळवली. मुक्तीचे बिल मुक्त झालेल्यांच्याच नावे फाडले गेले.

बरादरन यांचा मुख्य सिद्धांत आपण विशेष लक्षात घ्यावा. वेगळ्या पाडलेल्या गरीब वस्तीत तुम्ही स्वतःची बँक काढली तरी पैसा वस्तीत टिकत नाही, तो बाहेरच्या श्रीमंत व्यवस्थेकडे वाहून जातो. १९६८ साली निक्सन यांनी 'काळी भांडवलशाही' हा नारा दिला. जमीन, घरे आणि नुकसानभरपाई यांची मागणी बाजूला सारायला तो सोयीचा होता. आपल्याकडे दलित भांडवलशाहीच्या गौरवात रमलेल्या मित्रांनी ही प्रकरणे वाचावीत. आपल्यातला कोणी कारखानदार झाला तर मला आनंदच आहे. पण शंभर कारखानदार म्हणजे वस्तीची मुक्ती नव्हे.

कीआंगा-यामाहत्ता टेलर यांचे 'रेस फॉर प्रॉफिट' २०१९ चे. १९६८ नंतर सरकारने शहरातल्या गरीब काळ्यांना घरकर्जाची दारे उघडली. त्यापूर्वी काळ्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून त्यांना कर्ज नाकारले जात होते. आता कर्ज मिळाले, पण पडक्या घरांवर. हप्ता थकला तर सावकाराचे नुकसान नव्हते, कारण कर्जाला सरकारी विमा होता. म्हणजे बाई जितक्या लवकर बुडेल तितका धंदा पुन्हा लवकर फिरणार. टेलर यांनी याला दिलेल्या नावाचा भाव 'भक्षक समावेश' असा सांगता येईल. बहिष्कार संपला, समावेश झाला आणि समावेशानेच खाल्ले. शिवाय टेलर यांच्या पुस्तकातल्या बाया गप्प नाहीत. गळकी छपरे दाखवतात, तक्रारी करतात, कोर्टात जातात. 'द बिग शॉर्ट'मधल्या त्या बिननावाच्या मजुराला जे मिळाले नाही ते इथे मिळते. माणूसपण.

दोन्ही पुस्तकांत एक उणीव मला जाणवते. धोरणांचा इतिहास इतका दाट आहे की चळवळ मागे पडते. पुढचा रस्ता सांगायची वेळ आली की बरादरन सरकारच्या सद्बुद्धीपाशी थांबतात. सद्बुद्धी यायला दाराशी कोणी उभे राहावे लागते. म्हणून झुकोटी पार्क आणि ही पुस्तके एकमेकांना हवीत. एकाकडे मुक्काम होता, स्मरण नव्हते. दुसऱ्याकडे स्मरण आहे, मुक्काम नाही.

६

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मी ही पुस्तके अशी का वाचतो, हे कळणार नाही.

अमेरिकेत बँका वाचवल्या गेल्या ते २००८ साल आपल्याकडे शेतकरी कर्जमाफीचे होते. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात सुमारे ६०,००० कोटी रुपयांची घोषणा झाली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ, त्यावरच्यांना सवलत. मी बी.ए.ला होतो. सुट्टीत गावी गेलो तर सोसायटीच्या भिंतीवर याद्या लागलेल्या. आईने विचारले, "आपलं नाव आलंय का रं यादीत?" मी म्हणालो, "आपल्याला सातबाराच नाही, आई." ती म्हणाली, "मग आपण काढलं ते कर्ज न्हवं व्हय?"

माझ्या वसतिगृहासाठी आणि फीसाठी तिने आठ हजार रुपये उचलले होते. गावातल्या एका मोठ्या घरातून. दर शेकडा पाच रुपये महिना. व्याज फिटत नव्हते म्हणून ती त्यांच्या रानात खुरपायला, कापूस वेचायला जायची. मजुरी व्याजात वळती व्हायची. मनुस्मृतीचा आठवा अध्याय मी बऱ्याच वर्षांनी वाचला. शूद्राचा दर पाच, खालच्याने मेहनतीने फेडावे. पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. आमच्या गावात मनुस्मृती कोणी वाचलेली नव्हती. वाचायची गरजच नव्हती.

त्या कर्जमाफीला माझा विरोध नाही. गावातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे दुःख मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण माफी मिळायला आधी कर्ज मिळावे लागते, कर्जाला तारण लागते आणि तारणाला जमीन. ज्यांना गावाने जमीनच ठेवू दिली नाही ते माफीच्या व्याख्येतच बसत नाहीत. बुडण्यासाठीही पत लागते.

हीच गोष्ट अमेरिकेत उलट्या क्रमाने घडली. मार्च २०२१ मध्ये तिथे कायदा झाला की काळ्या आणि इतर वंचित शेतकऱ्यांची सरकारी कर्जे माफ करावीत. तरतूद सुमारे ४०० कोटी डॉलरची. कृषिखात्याने काळ्या शेतकऱ्यांना कर्ज देताना दशकानुदशके भेदभाव केला, हे १९९९ च्या एका खटल्यातल्या तडजोडीनंतर साऱ्या देशाला ठाऊक होते. पण गोरे शेतकरी कोर्टात गेले. हा आमच्यावर वांशिक अन्याय आहे, म्हणाले. कोर्टांनी माफी रोखली. ऑगस्ट २०२२ मध्ये ती तरतूदच रद्द होऊन तिच्या जागी वंशाचा उल्लेख नसलेली योजना आली. ७०,००० कोटी डॉलरचा बँकांचा कायदा अमलात आला. ४०० कोटी डॉलरची काळ्यांची माफी अडली. वॉल स्ट्रीटला वाचवताना समतेचे कलम कोणाला आठवले नव्हते. आपल्याकडे आरक्षणाच्या प्रत्येक खटल्यात हेच कलम आपल्याविरुद्ध वापरलेले आपण पाहतो.

म्हणून नव्व्याण्णव टक्के हा आकडा मला पुरत नाही. २००९ साली अमेरिकेतल्या मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती होती १,१३,१४९ डॉलर आणि मधल्या काळ्या कुटुंबाची ५,६७७ डॉलर. वीसपट अंतर. २०२२ पर्यंत ते अंतर सहा-सात पटींवर आले, तरी आकडे २,८५,००० आणि ४४,९०० असे होते. ही दोन्ही कुटुंबे नव्व्याण्णव टक्क्यांतलीच. एक टक्क्याविरुद्ध दोघांनी एकत्र लढावे, जरूर लढावे. पण आपल्यात अंतर नाही, असे म्हणून लढू नये. महाडच्या तळ्याचे पाणी सर्वांचे आहे हे सिद्ध करायला आधी ते कोणाला नाकारले आहे, हे सांगावे लागले होते.

७

शेवटी आपल्या साहित्याविषयी. आपल्या कवितेने आणि आत्मकथनांनी भूक लिहिली, अपमान लिहिला, पाण्याचा आणि पोटाचा विद्रोह लिहिला. कर्ज मात्र आपण पुरेसे लिहिलेले नाही. व्याजाचा दर, हप्त्याची तारीख, जामीनदाराच्या सहीसाठी घातलेले हेलपाटे, बँकेच्या काउंटरवर 'उद्या या' ऐकून परतणे, हे आपल्या आईबापांच्या आयुष्याचे अर्धे वास्तव आहे. आजही वस्त्यावस्त्यांत मायक्रोफायनान्सचा हप्ता ठरल्या दिवशी गोळा होतो. एकीचा थकला तर बाकीच्या तिच्या दारात जातात. भक्षक समावेश म्हणजे काय, हे समजायला अमेरिकेत जायला नको. पण हे लिहायला अर्थव्यवहाराची भाषा लागते. ती आपली नव्हे, असे आपण उगीच मानून चाललो आहोत.

बाबासाहेबांनी असे मानले नव्हते. रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी प्रबंध लिहिला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग आणि शेती सरकारच्या मालकीची असावी, विमा फक्त सरकारने चालवावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा विमा सक्तीचा असावा, अशी मागणी त्यांनी केली. ही कलमे संविधानातच असावीत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बहुमताला ती मोडता येणार नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. एआयजी बुडाली तेव्हा मला ते पान आठवायला हवे होते. तेव्हा मी ते वाचलेले नव्हते. आज वर्गात शिकवतो. सर्वांचा विमा सर्वांच्या राज्याकडे असावा असे म्हणणारा माणूस, बेलआउट कोणाला मिळायला हवे होते याचे उत्तर साठ वर्षे आधी देऊन गेला होता.

आईचे ते कर्ज मी नोकरी लागल्यावर फेडले. त्या घरच्या माणसाने वही काढली, आकडा वाचला, मी पैसे मोजून दिले. त्याने रेघ मारली. आई म्हणाली, "येकदा वही बघू दे." तिला वाचता येत नाही. तरी तिने वही हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली. इतकी वर्षे तिच्याबद्दल काय लिहिले गेले, हे तिला पाहायचे होते. आपल्यातल्या शिकलेल्यांनी तिला ती वही वाचून दाखवायची आहे, आणि दुसरी लिहायची आहे.